शेपूटरावांचं पिवळं जाकीट

रविवारी सकाळी पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत सायकल क्लबची मंडळी जमत. त्यांत सगळ्यांच्या आधी येणारा आणि सगळ्यांच्या शेवटी निघणारा माणूस एकच. त्यांना शेपूटराव म्हणत. खरं नाव क्लबात कोणाला आठवत नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी ते पुन्हा सांगायची आता त्यांनाच लाज वाटे.

पन्नाशी ओलांडलेला, उंच, शिडशिडीत माणूस. धंदा कवळ्या बनवण्याचा. "लोक एकमेकांचे दात घशात घालतात, मी आपला तोंडात घालतो," हा त्यांचा एकुलता एक विनोद. पहिल्या रविवारी त्यांनी तो सांगितला तेव्हा सगळे खो खो हसले होते. पुढे तो सांगायची वेळच आली नाही. विनोद सांगायला शेजारी कोणीतरी लागतं, आणि शेवटच्या माणसाच्या शेजारी कोणी नसतं.

त्या पहिल्या रविवारीच घात झाला. आदल्या आठवड्यात कोणीतरी वाटेत मागे राहून रस्ता चुकलं होतं, म्हणून क्लबच्या कप्तानाने एक पिवळंधमक जाकीट आणलं होतं. कप्तान म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाला. आठवडाभर लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायचा, आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून तेच काम रस्त्यावर करायचा. त्याने नियम सांगितला. पिवळं जाकीट घालणाऱ्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. कोणाची साखळी पडली, थांबायचं; कोणाला धाप लागली, थांबायचं. पुढच्यांनी ठरल्या जागी वाट बघायची आणि पिवळं दिसलं की निघायचं. "पिवळं आलं, सगळे आले! डोकी मोजायची कटकट नको." मग त्याने नजर फिरवली आणि नव्या माणसावर थांबवली.

"आजच्या दिवस घाला हो तुम्ही."

नवा माणूस नाही कसं म्हणणार? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे आजचा दिवस गेला, त्यामागून वर्षं गेली, आणि शेपूट राहिलं ते राहिलंच.

ज्याने कधी घोळक्यात सायकल चालवली नाही, त्याला यातली मेख कळायची नाही. पुढचे लोक पुलावर पोचत, सायकली कठड्याला टेकवत, पाणी पीत, केळी खात, पाय ताणत, फोटो काढत. तेवढ्यात लांबून पिवळं दिसे आणि कप्तान शिट्टी फुंके. शेपूटराव पुलावर पोचत तेव्हा पुढचा माणूस पुलावरून निघालेला असे. म्हणजे ज्यांना थांबायची गरज कमी, ते भरपूर थांबत, आणि जो दिवसभर लोकांच्या साखळ्या चढवत आलेला, त्याला बूड टेकायला मिळत नसे. पाणी चालत्या सायकलवर प्यायचं. केळं खिशात मऊ होऊन घरी परत जायचं. क्लबाच्या एकाही फोटोत शेपूटराव नव्हते.

बरं, पायात जोर नव्हता असंही नाही. उलट तोच खरा जाच होता. पोटऱ्या अशा घट्ट की कप्तानाला त्यांनी पहिल्या चढावर धाप लावली असती. पण सायकलचे वरचे गिअर त्यांनी विकत घेतल्यापासून एकदाही लावले नव्हते. कोणाच्या तरी पाठीकडे बघत, ब्रेकवर बोटं ठेवून, तोल जाणार नाही एवढ्याच वेगाने ते वर्षानुवर्षं चालले होते. सावकाश चालवणं किती दमवतं, हे जोरात चालवणाऱ्याला सांगून पटत नाही.

आणि सोमवार ते शनिवार तरी काय निराळं होतं? कवळ्यांची लॅब थोरल्या भावाची. दादा पुढच्या खोलीत बसे. तिथे काचेचं टेबल, फुलदाणी, येणारे-जाणारे दातांचे डॉक्टर. शेपूटराव मागच्या खोलीत. प्लास्टरची भुकटी, मेणाचा वास, घासायच्या यंत्राची घरघर आणि भिंतीला लागून एक अजस्र कपाट. कपाटात जबड्यांचे साचे, वरचे-खालचे, शेकड्यांनी, सगळे बत्तिशी काढून बसलेले. त्या कपाटामागे खिडकी होती. वडिलांच्या वेळेस ती उघडी असायची, पलीकडे एक भिंत आणि भिंतीवरून आकाशाची पट्टी दिसायची. मग साचे वाढले, कपाट आलं, आणि "तात्पुरतं इथे राहू दे" म्हणत दादाने ते खिडकीला लावलं. दिवसाही तिथे ट्यूबलाइट लागायची. शेपूटराव त्यावर कधी बोलले नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ.

"तुझ्यासारखा विश्वासू हात मला दुसरा मिळायचा नाही," असं दादा वर्षातून एकदा म्हणे. मग पुढचं वर्षभर काही मागायची सोय राहत नसे.

घरी बायकोला वाटायचं, आपला नवरा क्लबात सगळ्यांच्या पुढे असतो. तसं त्यांनीच सांगितलं होतं. एकदा तिने दोरीवर वाळणारं जाकीट पाहून विचारलं, "हे एवढं भडक कशाला?"

"पुढच्याला ओळखायला," शेपूटराव म्हणाले.

"आणि फोटोत कसे नसता कधी?"

"फोटो मीच काढतो ना."

"बाई गं! पुढेही तुम्हीच आणि फोटोही तुम्हीच. क्लबात बाकीचे काय करतात?" ती हसली आणि भाजी चिरायला लागली. तिला काय कळायचं ते कळलं असावं, पण तिने झाकली मूठ झाकलीच ठेवली. शेपूटरावांना मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. आठवड्यात माणसाचा म्हणून एक दिवस, आणि त्याबद्दलही खोटं बोलायची वेळ यावी!

तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं, की जाकीट सोडायचं. मोठं काही नको. एकदाच, आयुष्यात एकदा, समोर कोणाची पाठ नसलेला रस्ता बघायचा. आठ दिवस आरशासमोर वाक्य घोटून त्यांनी ते कप्तानाला सांगितलं. कप्तान म्हणाला, "बघू ना, पुढच्या रविवारी बघू."

पुढचा रविवार उजाडला. त्या दिवशी मोठ्या चढाची फेरी होती. डोंगराच्या माथ्यावर पाण्याची जुनी टाकी, तिथे पहिला थांबा. मग पलीकडचा लांबलचक उतार, आणि खाली तळ्याकाठी चहाची टपरी. शेपूटरावांनी जाकीट घडी करून हातात आणलं होतं. ते त्यांनी कप्तानापुढे धरलं.

"अरेच्चा, आजच?" कप्तान म्हणाला. "अहो, आज मॅडम आहेत. चढ आहे. त्यांच्यामागे तुमच्यासारखा विश्वासू माणूस नको का? पुढच्या महिन्यात नक्की बघू."

विश्वासू हा शब्द ऐकताच शेपूटरावांना दादा आठवला. त्यांनी जाकीट घातलं आणि चेन वर ओढली.

मॅडम म्हणजे वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. साठीच्या आसपासच्या, केस पांढरे, चेहरा करारी. दोन-तीन महिन्यांपूर्वी क्लबात आल्या आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांत मागे राहिल्या. सायकल चालवत छान, पण मुंगीच्या पावलाने. वाटेत एखादं झाड दिसलं की थांबत. झाडाकडे बघत. मागे शेपूटरावही थांबत आणि बाईंच्या पाठीकडे बघत. मग बाई मागे वळून पाहत, "झालं, झालं," म्हणत आणि घाईघाईने निघत. दर रविवारी हेच. शेपूटरावांना त्यांचा राग येत नसे असं कोण म्हणेल? येई, चांगला सणसणीत येई. पण राग काढायचा तरी कोणावर! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

चढ लागला. घोळका पहिल्या वळणाआड गेला, दुसऱ्या वळणावर वर दिसला आणि मग दिसेनासा झाला. मागे उरल्या बाई आणि बाईंच्या मागे पिवळं जाकीट. सकाळचं ऊन छान होतं, रस्ता मोकळा होता, आणि शेपूटरावांच्या पायांना अक्षरशः खाज सुटली होती. बाई एका वाकड्या झाडापाशी थांबल्या. शेपूटराव थांबले. बाईंनी मागे पाहिलं. शेपूटरावांनी खाली पाहिलं.

"मॅडम," ते एकदम म्हणाले, "मी जरा त्या वळणापर्यंत जाऊन बघू? वर थांबतो."

"जा ना! जा, खुशाल जा," बाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की दुसऱ्या कोणाला त्यात काहीतरी जाणवलं असतं. शेपूटरावांना ते ऐकायलाही सवड नव्हती.

वळणापर्यंतच जायचं होतं हो, शपथेवर. पण वळण आलं आणि पुढे रस्ता कोरा करकरीत पसरलेला. ना पाठ, ना हेल्मेट, ना कोणाच्या मडगार्डचं लोंबणारं रबर. शेपूटराव खोगिरावरून उठले आणि उभ्याने पायडल मारायला लागले. कानांत वारा घुसला. छाती भात्यासारखी चालली, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की रडण्याचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. थांबायचंय, थांबायचंय, असं मन म्हणत होतं आणि पाय मनाचं ऐकत नव्हते. बघता बघता पाण्याची टाकी समोर आली.

माथ्यावर मंडळी नुकतीच टेकली होती. कोणाच्या हातात केळं, कोणाच्या हातात फोन.

"पिवळं आलं!" कोणीतरी ओरडलं.

"आज लवकर?" कप्तान म्हणाला. "मॅडमनी कमाल केली की! चला, चला."

शिट्टी झाली.

"अहो, एक मिनिट," शेपूटराव म्हणाले. पण त्यांना धाप लागली होती आणि आवाज घशातच राहिला. लोक सटासट सायकलींवर बसले. आणि मग शेपूटरावांनी जे केलं ते त्यांच्या उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. ते गप्प बसले आणि घोळक्याच्या मधोमध उताराला लागले.

दोन्ही बाजूंना माणसं, समोर दरी, चाकांखाली रस्ता पळतोय. डावीकडचा माणूस ओरडून काहीतरी म्हणाला, शेपूटरावही ओरडून म्हणाले, "हो!" काय विचारलं होतं देव जाणे. सुख म्हणजे काय असतं ते त्यांना त्या उतारावर कळलं, आणि उतार संपायच्या आत ते सुख कडू व्हायला लागलं. कारण त्यांना वाटत होतं, आता कोणीतरी विचारेल. मॅडम कुठे आहेत, असं कोणीतरी म्हणेलच. उतार संपला, सपाट रस्ता लागला, माणसं एकमेकांशी गप्पा मारत राहिली. कोणीही विचारलं नाही.

मग त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आज बाईंना कोणी विचारत नाही. उद्या आपण मागे राहिलो तर?

त्यांनी जोर लावून कप्तानाला गाठलं. "मॅडम राहिल्या."

"राहिल्या म्हणजे?"

"मागे. चढावरच आहेत."

"असं कसं होईल?" कप्तानाने त्यांच्या जाकिटाकडे बोट दाखवलं. "पिवळं तर आलं!"

तो चेष्टा करत नव्हता. त्याने एकदा जाकिटाकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू जाकिटानेच त्याला फसवलंय. शेपूटरावांनी पुढचं ऐकलं नाही. "टपरीवर थांबा," एवढं म्हणून त्यांनी सायकल वळवली.

आता तोच उतार चढ झाला होता. मघाशी हौसेने उभे राहणारे पाय आता भीतीने चालले होते. बाई साठीच्या. एकट्या. चक्कर आली असेल, पडल्या असतील, कोणी गाडीवाला... शेपूटरावांना पुढचा विचार करवेना. एकदा, फक्त एकदा मनासारखं वागलो, आणि ही शिक्षा! आता जन्मभर हे जाकीट अंगातून निघायचं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेही खरंच वाटलं.

टाकीच्या सावलीत ग्रंथपालबाई बसल्या होत्या. बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय गवतात लांब केलेले, आणि शांतपणे संत्रं सोलत होत्या.

शेपूटरावांनी सायकल टाकली. "मॅडम, माफ करा. माझी चूक झाली. तुम्ही ठीक आहात ना? घाबरलात का?"

बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद तर नव्हताच, उलट हिरमोड होता.

"आलात का," त्या म्हणाल्या.

शेपूटरावांनी आडवी पडलेली सायकल उचलून टाकीला टेकवली.

"बसा. संत्रं घ्या," बाई म्हणाल्या. "राग मानू नका, पण तुम्ही येऊ नये असं मला फार वाटत होतं. किती दिवसांनी एकटीने सायकल चालवली मी. त्या वाकड्या झाडापाशी हवी तेवढी थांबले. थोडी चालले. थोडं गाणंसुद्धा म्हटलं, आता हसू नका."

"पण मी तर तुमच्यासाठीच मागे असायचो," शेपूटराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. "तुमच्यामुळे मला..."

"माझ्यामुळे तुम्हाला पुढे जाता येत नव्हतं, होय ना? आणि तुमच्यामुळे मला थांबता येत नव्हतं." बाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "गेल्या वर्षी मला एकदा घेरी आली. तेव्हापासून सून अंघोळीच्या दाराबाहेर उभी असते. मुलगा फोनवर बघतो, आई कुठल्या रस्त्याने चाललीय. वाचनालयात मला काचेच्या खोलीत बसवलंय, का तर लक्ष राहावं. सगळी माझ्या काळजीनेच करतात, भांडायचं तरी कोणाशी? म्हटलं, रविवारी सायकल चालवावी. तर इथे मागे तुम्ही! मागे सतत कोणी असलं ना भाऊ, की बाई आपल्या पायाने चालतच नाही. त्याच्या सोयीने चालते."

शेपूटराव गवतात बसले. इतके महिने ज्या पाठीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती पाठ आपल्याला चुकवायला धडपडत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. बाईंनी अर्धं संत्रं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं.

"ते काढा आणि द्या इकडे," बाई जाकिटाकडे बघत म्हणाल्या.

"तुम्ही घालणार?"

"सगळ्यांत हळू कोण?"

"तुम्ही," शेपूटराव म्हणाले, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

"मग शेवटी मीच असणार. मी घातलं की माझ्या मागे कोणी असायची गरजच नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या शहाण्यांच्या लक्षात येऊ नये?" त्यांनी जाकीट अंगात घातलं. ते त्यांना गुडघ्यापर्यंत आलं. "जा आता. आणि वळून बघाल तर याद राखा. संत्रं परत घेईन."

शेपूटराव निघाले. वळून बघायची इच्छा दोनदा झाली, दोनदा त्यांनी मान ताठ केली. जाकीट नसल्याने छातीला वारा गार लागत होता. तळं आलं, टपरी आली. मंडळी बाकांवर पसरली होती.

"मॅडम?" कप्तानाने उठून विचारलं.

"येतायत. मजेत आहेत."

शिट्टी वाजली नाही. शेपूटराव क्षणभर तसेच उभे राहिले, सवयीने वाजायची वाट बघत. मग कोणीतरी सरकून जागा दिली. हातात चहाचा ग्लास आला. गरम. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. शेजारच्याने विचारलं, "तुम्ही काय करता हो?" आणि शेपूटरावांनी तो जुना विनोद सांगितला. सगळे हसले. फोटो निघाला, त्यात ते आले. एवढंच तर हवं होतं.

चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात रस्त्यावर पिवळा ठिपका दिसला.

"पिवळं आलं!"

बाकं सरकली. ग्लास खाली ठेवले गेले. ग्रंथपालबाई टपरीपाशी पोचल्या, तोंड लालबुंद, एक पाय जमिनीवर, आणि त्यांनी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला. कप्तानाने शिट्टी ओठांत धरली. बाईंनी ते पाहिलं आणि बाटलीकडे गेलेला हात निमूटपणे परत हँडलवर ठेवला.

तो हात शेपूटरावांच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं तो त्यांचाच होता. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"थांबा!" ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. शेपूटरावांचा एवढा मोठा आवाज क्लबात कोणी ऐकला नव्हता.

"का? काय झालं?" कप्तान शिट्टीच्या कडेने म्हणाला. "पिवळं आलं की."

"आलं. पण अजून टेकलं कुठे? त्यांना बसू दे, पाणी पिऊ दे, चहा घेऊ दे. मग निघू."

आता वाद होणार, म्हणून शेपूटरावांनी पाय रोवले. कप्तान त्यांच्याकडे पाहत राहिला, मग बाईंकडे. त्याने शिट्टी तोंडातून काढली.

"बरं," तो म्हणाला, आणि खाली बसला. "खरंय. बसा मॅडम. अरे, एक चहा दे इकडे."

झालं. एवढंच. मंडळी पुन्हा बाकांवर बसली, गप्पा पुन्हा सुरू झाल्या. बाईंनी बाटली उघडली आणि डोळे मिटून पाणी प्यायल्या.

शेपूटराव उभेच होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. एक शब्द! थांबा, म्हणायचं होतं. भांडण नाही, विनवणी नाही. दर रविवारी, पुलावर, टाकीपाशी, या टपरीवर, हा शब्द त्यांच्या जिभेवर होता आणि त्यांनी तो गिळला होता. कप्तान पहिल्याच वर्षी असाच बरं म्हणाला असता. ती सगळी वर्षं आता कोणाकडे मागायची?

"भाऊ, बसा की," बाई म्हणाल्या. "कुठे हरवलात?"

"कुठे नाही." ते त्यांच्या शेजारी टेकले. चहा निवला होता, तरी त्यांनी प्यायला. "लॅबमधल्या एका कपाटाचा विचार करतोय."

"कपाटाचा?"

"हो. फार जड आहे. एकट्याने हलायचं नाही, दादाला म्हणावं लागेल, जरा दुसरी बाजू धर." त्यांनी रिकामा ग्लास बाकावर ठेवला. "मी कधी म्हटलंच नाही हो त्याला."